विमानातून उतरल्यावरचा प्रवास



यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. सासऱ्यांना मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवायचे ठरले आहे. आगगाडीत रात्रभर बसवत नाही, म्हणून नागपूरहून विमानाची तिकिटे काढली आहेत. बरोबर नवरा, स्वतः त्या आणि पाच वर्षांचा मुलगा. पत्रात त्या लिहितात, "विमान दीड तासाचं आहे ते कळलं. पण उतरल्यावर पुढं कसं जायचं, ते कुणी सांगत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, तिथं सगळं असतंच."

खरे आहे बाई. तिथे सगळे असते. आणि सगळे असते म्हणूनच आपल्यासारख्याची पंचाईत होते. आठवडी बाजारात बैल घ्यायला गेलेल्या नवख्याला जसे चार दलाल चार बाजूंनी ओढतात, तसेच विमानतळाच्या दारात होते. मी हे ऐकीव सांगत नाही. एकदा चांगला फसलो आहे. आधी तेच सांगतो.

२०२३ चा जानेवारी महिना. माझ्या मायला घशाचे दुखणे होते. अमरावतीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि परळच्या टाटा रुग्णालयात जा म्हणून चिठ्ठी दिली. माय सत्तरीची, कमरेने वाकलेली. गाडीत चौदा-पंधरा तास तिला जमणार नव्हते. कापूस नुकताच विकला होता, तेव्हा छातीवर दगड ठेवून विमानाची तिकिटे काढली. माय, मी, सौभाग्यवती आणि चार वर्षांची मुलगी. विमानात बसण्याचा पहिलाच प्रसंग. नागपूरला तपासणीत मायचा अडकित्ता काढून घेतला, कारण तो हातातल्या पिशवीत होता. धार असलेली वस्तू हातातल्या सामानात चालत नाही. मोठ्या सामानात टाकला असता तर गेला असता. त्या अडकित्त्यावरून माय विमान उडेपर्यंत कुरकुरत होती, आणि मला वाटले, चला, आजचे संकट एवढ्यावर भागले.

रात्री सव्वाआठला विमान उतरले. सामान घेऊन आम्ही दाराबाहेर आलो. उजेड, गर्दी, मोटारींचे भोंगे. टॅक्सीची पावती फाडण्याची खिडकी होती, पण तिथे पंधरा-वीस माणसे उभी. मुलगी पेंगुळलेली, माय ट्रॉलीचा दांडा धरून उभी. इतक्यात इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस आला. गळ्यात कसलेसे ओळखपत्र. "काका, दादर ना? सरकारी रेट आहे, चला," म्हणाला आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने मोठी बॅग उचलली. बॅग गेली म्हणजे आपण गेलोच. तिच्या मागे मागे आम्ही चालत राहिलो. टॅक्सीच्या रांगेपासून दूर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत एक पांढरी गाडी होती. तो माणूस तिथे आम्हाला दुसऱ्याच्या हवाली करून निघून गेला.

गाडी निघाली. वाटेत मायला लघवीला जायचे होते. उतरल्याबरोबर आतच जाऊन घ्यायला हवे होते, पण कोणाच्या ध्यानात आले? आता गाडी पुलावर. ड्रायव्हर म्हणाला, इथे थांबता येत नाही. त्याने समुद्रावरच्या पुलाने गाडी नेली आणि त्याचा टोलही आमच्याकडून घेतला. आम्हाला जायचे होते नायगावला, दादर पूर्वेला, भाच्याच्या खोलीवर. तिकडे जायला त्या पुलाची काही गरज नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी भाच्याने सांगितले. मायने अंधारात विचारले, "काहून रे बाबू, ते विमान दीड घंट्यात आलं न् या मोटारीले दोन घंटे लागतेत?" मी गप्प बसलो.

नायगावच्या तोंडाशी गाडी थांबली. ड्रायव्हरने चोवीसशे रुपये सांगितले. मीटरने गेलो असतो तर तीनशेच्या घरात भागले असते. त्या वेळच्या भावाने चोवीसशे म्हणजे तीस किलो कापूस. मी हुज्जत घातली तेव्हा त्याचा आवाज चढला, मुलगी दचकून रडू लागली, आणि मी पैसे दिले. घाईघाईने सामान उतरवले, गाडी गेली.

पैशाचे दुःख नव्हे वाचकहो, ते केव्हाच विसरलो. पहाटे पाचला उठून दवाखान्यात जायची तयारी करू लागलो तेव्हा कळले, की मायची फाइल नाही. खताच्या पांढऱ्या गोणीची शिवलेली पिशवी होती. तिच्यात सगळे कागद, एक्स-रे आणि त्या तुकड्याच्या काचपट्ट्या होत्या. पिशवी डिकीत राहिली. पोलीस चौकीत गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीचा नंबर?" नंबर नव्हता, पावती नव्हती, ड्रायव्हरचे नाव नव्हते.

काचपट्ट्यांवाचून पुढचे ठरत नव्हते. अमरावतीच्या प्रयोगशाळेत त्या तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा जपून ठेवलेला असतो आणि त्यातून पुन्हा काचपट्ट्या कापून मिळतात, ही गोष्ट मला तेव्हा समजली. तुम्हीही ध्यानात ठेवा. धाकटा भाऊ गावाहून अमरावतीला गेला, प्रयोगशाळेच्या हातापाया पडला, नव्या काचपट्ट्या आणि ठोकळा घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला आला. या सगळ्यात आठ दिवस गेले. ज्या दुखण्यात एकेक दिवस मोजतात, त्यात आठ दिवस. भाच्याच्या खोलीत दहा बाय दहामध्ये आधीच पाच माणसे. पुढे दवाखान्याच्या कागदावर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथली स्वच्छता आणि माणसांची वागणूक पाहून माय म्हणाली, "बाबा आपल्याच मुलखातला व्हता नं." त्या आठ दिवसांत तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते मला जास्त लागले.

असो. आता भगिनींच्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट घरूनच पाहायची. तिकिटावर कोणता विमानतळ आणि कोणते टर्मिनल लिहिले आहे, ते मुलाकडून नीट वाचून घ्या. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन घरे आहेत. टर्मिनल एक हे विलेपार्ल्याजवळ. जुनी माणसे त्याला अजून सांताक्रूझ म्हणतात. टर्मिनल दोन हे अंधेरी पूर्वेला, सहारला. ते २०१४ साली सुरू झाले. दोन्हींना नाव एकच, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. पण एकातून बाहेर पडून दुसऱ्याच्या दारात जायचे तर रस्त्याने चार-पाच किलोमीटर पडतात. घ्यायला येणारा भाऊबंद एका दारात आणि आपण दुसऱ्या दारात, असे नेहमी होते. परतीच्या वेळी तर हे आणखी महत्त्वाचे. रिक्षावाल्याला नुसते "एअरपोर्ट" म्हणू नका. एक की दोन ते सांगा.

आणि आता तिसरे घर झाले आहे. नवी मुंबईचा विमानतळ पनवेलजवळ उलव्याला उभा राहिला. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने सुटू लागली. तिकीट स्वस्त दिसले म्हणून काढले आणि उतरल्यावर कळले की आपण खाडीच्या पलीकडे आहोत, असे होऊ देऊ नका. तिथून परळ-दादर म्हणजे गाडीने लांबची वाट आहे. अटल सेतूवरून यायचे तर टोल आहे. या सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झाले, तो सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा आहे, आणि त्यावर रिक्षा, मोटारसायकल, ट्रॅक्टर चालत नाहीत. पनवेल, उरण, अलिबागकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना मात्र हे नवे ठिकाण सोयीचे.

जाता जाता एक सांगतो. तो विमानतळ ज्या जमिनीवर आहे, तिथे भातशेती करणारी, मासे धरणारी गावे होती. दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला होता. जासईच्या परिसरात गोळीबारात पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. तिथे उतरणाऱ्या शेतकऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट. घरात वयस्क किंवा आजारी माणूस असेल तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा. निदान अठ्ठेचाळीस तास आधी तरी कळवा. गरजू माणसासाठी हा उपकार नव्हे, विमान कंपनीने करायची सोय आहे. खुर्ची ढकलणारा माणूस विमानाच्या दारापासून बाहेरच्या टॅक्सीपर्यंत आणून सोडतो. त्यात आणखी एक फायदा असा, की त्या माणसाला सगळी दारे ठाऊक असतात. बरोबरची माणसेही त्याच्या मागे बिनचूक बाहेर येतात. आमच्या पहिल्या खेपेला मायने "मी काही लंगडी नाही" म्हणून नकार दिला होता. तुमचे सासरे तसे म्हणतील तर ऐकू नका. नंतरच्या खेपेला खुर्चीत बसल्यावर माय इकडे तिकडे अशी पाहत होती, की जशी पोळ्याची मिरवणूक निघाली आहे.

तिसरी गोष्ट आतली. सामानाचा पट्टा फिरत असतो, तिथेच जवळ संडास-मुतारी असते, पिण्याचे पाणी असते. सगळ्यांनी जाऊन घ्या, बाटल्या भरून घ्या, लेकराला खाऊ घाला. कारण एकदा का काचेच्या दाराबाहेर पडलात, की परत आत सोडत नाहीत. पुढचा तास-दीड तास मुंबईच्या रस्त्यावर बाईमाणसाला जागा सापडणे कठीण. बाहेर पडण्यापूर्वीच नातेवाइकाला फोन लावा. कोणत्या दाराशी उभे राहायचे, किंवा कुठल्या स्थानकावर उतरायचे, हे आत खुर्चीवर बसून ठरवा. बाहेरच्या गोंगाटात ठरत नाही.

आणि सामान मोजा. किती नग आहेत तो आकडा सगळ्यांना पाठ हवा. आमच्या घरी आता मुलगी मोजते. गाडीत चढताना मोठ्याने "सहा", उतरताना "सहा". कागदपत्रांची पिशवी त्या सहात धरायची नाही. ती डिकीत नाही, सीटवर नाही, ट्रॉलीवर नाही. ती माणसाच्या अंगावर.

आता बाहेर आलात. चार वाटा आहेत.

एक, पावतीची टॅक्सी. आतल्या किंवा दाराजवळच्या खिडकीवर पत्ता सांगायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची. मीटरपेक्षा थोडे जास्त पडतात, रांगही असते. पण त्या पावतीवर गाडीची नोंद असते. आमच्याकडे तेवढी चिठ्ठी असती तर ती फाइल त्याच रात्री मिळाली असती. पावती मुक्कामाला पोहोचल्याशिवाय आणि सामान मोजल्याशिवाय ड्रायव्हरच्या हातात देऊ नका.

दोन, मीटरची काळीपिवळी टॅक्सी किंवा रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासूनचे दर असे आहेत : टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. रिक्षाला दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत पाव पट जास्त. आपण शेतकरी माणसे, गुंठ्याचा हिशेब तोंडी करतो, मग हा का नाही? बारा किलोमीटर जायचे असेल तर टॅक्सीचे ३१ आणि वरच्या साडेदहा किलोमीटरचे २१७, मिळून २४८. गर्दीत गाडी थांबून राहिली की थोडे वाढतात. दर मागेपुढे होतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्या. हा आकडा मनात असला म्हणजे कोणी दोन हजार म्हणाला तर आपल्याला हसू येते, घाम फुटत नाही.

रिक्षाबद्दल एक नियम मुंबईबाहेरच्यांना ठाऊक नसतो. रिक्षा फक्त उपनगरात चालते. पश्चिमेकडून वांद्रे आणि पूर्वेकडून शीव, एवढीच तिची हद्द. दादर, परळ, भायखळा, बोरीबंदर इकडे रिक्षा येतच नाही. तेव्हा "दादरला सोडतो" असे कोणी रिक्षावाला म्हणाला तर समजा, की तो तुम्हाला मध्येच उतरवणार आहे.

फोनवरून बोलावायच्या गाड्याही आहेत. त्यात भाडे आधी दिसते, हे बरे. पण त्या ठरलेल्या जागी येतात. ती जागा कुठे ते पाट्यांवर पाहा आणि गाडीचा नंबर फोनवरच्या नंबराशी जुळवल्याखेरीज पाय आत टाकू नका. त्यांना एक आकडा सांगावा लागतो, तो गाडीत बसल्यावरच सांगायचा. आणि फोनची बॅटरी नागपूरलाच भरून ठेवा. विमानात पोराला चित्रे दाखवून ती संपवायची आणि मुंबईत अंधारात उभे राहायचे, हे मी पाहिले आहे.

तीन, लोकल. टर्मिनल एकपासून विलेपार्ले स्टेशन जवळ आहे, रिक्षाने थोडा वेळ लागतो. टर्मिनल दोनला अंधेरी स्टेशन. तिकीट अगदी स्वस्त. एकटा तरुण माणूस पाठीवर पिशवी टाकून असेल तर हीच वाट उत्तम. पण घरदार बरोबर असेल तर मी नको म्हणेन. सकाळी आठ ते अकरा चर्चगेटकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ बोरिवली-विरारकडे अशी गर्दी असते, की गंजीत पेंढी खोचावी तशी माणसे. गाडी स्टेशनात अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. म्हातारी चढली आणि बॅग राहिली, बॅग चढली आणि पोरगी राहिली, असे व्हायला वेळ लागत नाही. दुपारच्या मोकळ्या वेळी जायचेच असेल तर धीम्या गाडीत बसा. बहुतेक जलद गाड्या पार्ल्याला थांबत नाहीत. बायका बायकांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात अशी फाटाफूट झाली, तर कुठे उतरायचे आणि कोणी कुठे थांबायचे हे चढण्याआधी ठरवलेले हवे. लेकराच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

चौथी वाट नवी आहे, आणि तिनेच आमचा दुसरा प्रवास सुखाचा केला. जमिनीखालून जाणारी मेट्रो. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीपर्यंत आली आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्ग लोकांना खुला झाला. या मेट्रोची स्थानके दोन्ही टर्मिनलला आहेत, टर्मिनल एकला वेगळे आणि दोनला वेगळे. तिथून दादर, सिद्धिविनायक, वरळी, महालक्ष्मी, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट अशी थेट जाते. एस.टी.साठी मुंबई सेंट्रलला जायचे तर स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे, हे ध्यानात ठेवा. "मुंबई सेंट्रल" शोधत बसलात तर गाडी पुढे निघून जाईल. भाडे अंतराप्रमाणे दहा ते सत्तर रुपये. सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी. सुट्टीच्या दिवशी वेळ विचारून घ्यावी. म्हणून शक्यतो दुपारी उतरणारे विमान घ्या. थोडे महाग पडले तरी. रात्री उशिरा उतरलात तर मेट्रोही नाही आणि दलालांचे फावते.

अंधेरी-घाटकोपरची जुनी मेट्रो आहे, २०१४ ची. तिच्यावर "एअरपोर्ट रोड" नावाचे स्थानक आहे. नावावर जाऊ नका. तिथे उतरून विमानतळ दिसत नाही. रस्ता ओलांडून पुन्हा रिक्षा करावी लागते. त्या मार्गाने घाटकोपर, ठाण्याकडे जायचे असेल तर टर्मिनल दोनहून नवी मेट्रो पकडून एकच स्थानक, मरोळ नाका, तिथे बदलावे.

२०२५ च्या नोव्हेंबरात मायला तपासणीसाठी नेले. होय, माय आहे. औषधे, किरणे, सगळे सोसून आहे. आवाज बसला तो बसलाच, पण बोलणे कमी झालेले नाही. दुपारी दीडला उतरलो. खुर्चीवाल्याने टर्मिनल एकच्या बाहेर मेट्रोच्या वाटेला लावून दिले. सरकता जिना पाहून माय थबकली. म्हणाली, "हे बैलाच्या रहाटावानी चालते, माहा पाय सापडन." तिचे म्हणणे खोटे नाही, नऊवारीचा काठ त्यात अडकू शकतो. प्रत्येक स्थानकात पाळणा, म्हणजे लिफ्ट असते. थोडे विचारावे लागते, पण असते. चौघांचे तिकीट दोनशेच्या आत झाले. मी रोख पैसे दिले. जमिनीखाली फोनला रेंज लागत नसल्याच्या तक्रारी सुरुवातीला होत्या, म्हणून मी फोनवर विसंबलो नाही. तुम्हीही शंभर-पन्नासाच्या नोटा वेगळ्या ठेवा. आत सामानाची तपासणी होते. बोचकी फार असतील, धान्याची गोणी, लोणच्याची बरणी, असा संसार असेल तर मेट्रोचा नाद सोडून सरळ पावतीची टॅक्सी करा. उगाच आपलेही हाल आणि दुसऱ्यालाही त्रास.

डबा थंडगार, बसायला जागा. एका कॉलेजातल्या पोराने उठून मायला जागा दिली. वीस-पंचवीस मिनिटांत दादर. मुलगी आता सात वर्षांची होत आली आहे, तिने पाटीवरचे नाव वाचून आम्हाला उठवले. दादर मेट्रोचे स्थानक पश्चिमेला आहे, रेल्वेच्या स्टेशनापासून जरा दूर. परळ किंवा दादर पूर्वेला जायचे तर वर येऊन टॅक्सी करायला हवी, ती मीटरनेच करा. टॅक्सीवाला जवळचे भाडे म्हणून नाक मुरडील. दोघे नाही म्हणतील, तिसरा येईल. आम्हाला चौथा मिळाला. पंचावन्न-साठीचा, नगरकडचा माणूस. मीटर टाकला, धर्मशाळेच्या दारात सोडले, सामान स्वतः उतरवले आणि सुट्टे पैसे परत दिले. मुंबईतला प्रत्येक माणूस लुटायला बसलेला नाही, हेही पत्र लिहिणाऱ्या भगिनींना सांगायला हवे. पहिल्या खेपेला माझीही चूक होती. रांगेत वीस मिनिटे उभे राहायचा कंटाळा मी केला.

ज्यांना कोणाला आणायला जायचे आहे, दुबई-मस्कतहून मुलगा येतो आहे वगैरे, त्यांच्यासाठी थोडक्यात. आत सोडत नाहीत. परदेशातून येणारा उतरल्यावर तास-दीड तास तरी बाहेर येत नाही, तेव्हा विमान उतरण्याच्या वेळेआधी दोन तास जाऊन उन्हात उभे राहू नका. टर्मिनल दोनला जाणारी विमाने वरच्या मजल्यावरून आणि येणारी माणसे खालून. वर जाऊन वाट पाहत बसलेली कितीतरी मंडळी मी पाहिली आहेत. हार घरी घाला.

काही विपरीत घडले, कोणी दमदाटी केली, माणूस हरवले तर ११२ नंबर फिरवा. फुकट लागतो. आणि कोणत्याही गाडीत बसताना मागचा नंबर मोठ्याने वाचून घरी फोनवर सांगा, म्हणजे ड्रायव्हरच्याही कानावर जातो. मी तर हातावर बॉलपेनने लिहितो.

भगिनींनी आणखी एक विचारले आहे, की सासऱ्यांना संत्री न्यायची आहेत डॉक्टरांसाठी, चालतील का? चालतील. तिकिटावर सामानाचे किती किलो लिहिले आहे तेवढ्यात बसवा. देशातल्या बहुतेक विमानांत मोठ्या बॅगेचे पंधरा आणि हातातले सात किलो असतात. सुके खोबरे मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका, ते आगीच्या भीतीने चालत नाही. काड्यापेटी कुठेच नको. पंढरपूरचा प्रसाद असला तरी त्यातले खोबरे आधी काढा.

माझी मायची पुढची तारीख जूनमध्ये आहे. फाइलसाठी तिने आता कापडाची नवी पिशवी शिवली आहे, लांब बंद लावून. बंद गळ्यातून घालते आणि वरून पदर घेते. गेल्या खेपेला तपासणीच्या दारात पोलीस बाई म्हणाल्या, आजी, ती पिशवी पट्ट्यावर ठेवा. मायने मशिनीच्या त्या टोकाला मला आधी जाऊन उभे राहायला सांगितले, मी तिकडून हात पुढे केला, तेव्हा कुठे तिने इकडून पिशवी सोडली.